वर्नाचा भरलेला कप

वर्ना कुइमा तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तिनं समोरच्या कॉफीला तोंड लावलं नाही, की समजायचं, आज खिशाला चाट बसणार. हे ओस्टरवाल्डमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती इकडचं तिकडचं बोलायची, मक्याचा भाव, तुमच्या सुनेचं बाळंतपण, चर्चच्या छपराची गळती. कप तसाच भरलेला. मग एकदम तुमच्या डोळ्यांत बघून आकडा सांगायची, कप उचलायची आणि सावकाश प्यायला लागायची.

त्या कपात सगळी मेख होती. "आकडा सांगितल्यावर जो आधी तोंड उघडेल तो हरला," असं ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "माणसं इथेच माती खातात बघ. आकडा सांगतात आणि समोरचा गप्प बसला की घाबरतात. 'तेवढेच हवेत असं नाही हं, जमेल तेवढे द्या.' झालं! पाच हजार द्यायची तयारी करून बसलेला माणूस दोनशेवर सुटतो. म्हणून आपलं तोंड गुंतवून ठेवायचं. मी कॉफीत गुंतवते."

मी तिच्याबरोबर जात असे, कारण मागायला नेहमी दोघांनी जायचं असतं. एकानं मागायचं आणि दुसऱ्यानं साक्षीला बसायचं. माझी निवड का झाली म्हणाल, तर गावात माझं औषधांचं दुकान आहे. या गावातले अर्धे लोक एकमेकांचे चुलतभाऊ आणि उरलेले अर्धे एकमेकांशी अबोला धरून बसलेले. मी कुणाचीच कुणी नाही आणि सगळ्यांच्या गोळ्या मला पाठ, त्यामुळे मी कुठल्याही दारात चालायची. लग्न होऊन मी आयोवाच्या या कोपऱ्यात आले तेव्हा थंडीनं रडले होते. आता उन्हाळ्यात कुणी गरम होतंय म्हणून कुरकुर केली की मीच त्याला दरडावते.

वर्ना मूळची हीमस्ट्रांची. गावाच्या उत्तरेला त्यांचं शेत होतं. आई, बाप, ती आणि धाकटा भाऊ हार्लन. शाळेच्या बँडला गणवेश हवेत म्हणून पोरं दर थंडीत फ्लोरिडाची संत्री पेट्यांनी विकत, आजही विकतात. वर्नाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या शेतावरचा एक एकलकोंडा ब्रह्मचारी. दारात त्याला बघून ती पाठ केलेलं सगळं विसरली. "संत्री. तीन पेट्या," एवढंच तोंडातून निघालं आणि ती तशीच उभी राहिली. तोही उभा. शेवटी तोच वैतागला आणि "बरं, तीन तर तीन," म्हणाला. एकट्या माणसानं तीन पेट्या संत्र्यांचं काय केलं असेल देव जाणे. पण गप्प बसण्यात काय ताकद आहे ते त्या पोरीला तिथं कळलं.

पुढे तिनं गावासाठी काय काय मागितलं! बँडचे गणवेश झाले, पोहण्याचा तलाव झाला, आगीचा बंब झाला, वाचनालयाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार झाला. नवरा गॉर्डन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, ही चर्चच्या कचेरीत चिटणीस. स्वतःच्या घरातला सोफा मात्र गॉर्डनच्या आईच्या वेळचा. तिचे काही नियम ठरलेले होते. बैठकीच्या खोलीत कधीच मागायचं नाही, कारण तिथं माणसं पाहुण्यासारखी वागतात. निर्णय घेतात ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. नवरा-बायको दोघंही समोर असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, कारण मान नवरा हलवतो पण ठरवते बायको. आणि जाताना हातात खाऊ न्यायचा नाही. "सफरचंदाचा केक घेऊन गेलीस की त्यांना वाटतं, वर्नानंच आपल्याला काहीतरी दिलं. मग काय मागणार तू, कपाळ?"

गॉर्डन एका सकाळी गॅरेजमध्ये बसल्याजागी गेला. त्यानंतर वर्नानं ते घर मनावर घेतलं.

घर म्हणजे ज्यांच्या आजारावर आता उपाय उरलेला नाही, त्यांना शेवटचे दिवस शांतपणे काढता येतील असं घर. आठ खोल्या, प्रत्येक खोलीला खिडकी, नातेवाइकांना झोपायला जागा, रात्रंदिवस नर्स. आमच्याकडे असं काही नव्हतं. मरायचं तर सू फॉल्सच्या मोठ्या इस्पितळात, म्हणजे दीड तासाच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता हिवाळ्यात कधी बंद होईल याचा नेम नाही.

हे घर तिला का हवं होतं ते तिनं मला एकदाच सांगितलं, गाडीत, समोर बघत. तिची आई सू फॉल्सला होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते. आईला तिचा पलंग हवा होता आणि ती खिडकी, जिच्यातून वारा अडवायला लावलेली झाडांची रांग दिसायची. वर्नाचं तेव्हा नवं लग्न झालेलं, बिऱ्हाड लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माडीवर. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून ती बापाच्या घरी गेली. बाप जेवायला बसलेला. ती म्हणाली, "आईला इथं आणू या. मी येऊन राहते, सगळं मी करते."

बापानं ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, "आजारी माणसाची जागा इस्पितळात. हे कामाचं घर आहे."

समोर हार्लन बसला होता, चांगला वाढलेला, विशीतला. तो पावाला लोणी लावत होता. ट्रकची किल्ली त्याच्या मागे भिंतीला खिळ्यावर टांगलेली. त्यानं फक्त "मी जातो आणायला" म्हणायचं होतं. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी हिमवादळ आलं, रस्ता बंद झाला आणि आई तिकडे एका अनोळखी नर्ससमोर गेली. त्या बाईचं नाव विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

पुढे बापानं सगळी जमीन हार्लनच्या नावावर केली. वर्नाला आईचं शिवणयंत्र मिळालं. त्याबद्दल तिच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. "ते सगळ्याच घरांत असंच होतं," म्हणायची. जमिनीचं तिला खरोखर काही वाटत नव्हतं. ते लोणी मात्र ती विसरली नव्हती.

घराला चाळीस लाख डॉलर लागणार होते. एवढी मोठी रक्कम वर्नानं कधी मागितली नव्हती, म्हणून घरासाठी नेमलेल्या आमच्या मंडळानं डे मॉइनहून प्रेस्टन नावाचा सल्लागार आणला. टोकदार बूट घालायचा, पण माणूस हुशार आणि सरळ होता. त्यानं फळ्यावर एक पिरॅमिड काढला. तळाशी शेकडो छोटे देणगीदार, मध्ये थोडे मोठे आणि टोकाला एकच. "टोक आधी भरावं लागतं," तो म्हणाला. "पहिली मोठी देणगी दहा लाखांची हवी. ती बघून बाकीचे आपापला आकडा ठरवतात. ज्यानं ती दिली त्याला हवं ते नाव घराला. आणि अर्धी रक्कम हातात पडेपर्यंत बाहेर कुठे वाच्यता नाही. याला आम्ही गुपचूप टप्पा म्हणतो."

यावर आमच्या मंडळाचे अध्यक्ष आल्विन खो खो हसले. ते गुरांचे डॉक्टर, आता निवृत्त. "तरुणा, मी सकाळी दाढी करताना कापलं तर दुपारी धान्याच्या कोठारावर लोक मला मलम सुचवतात. इथं कसला गुपचूप टप्पा!"

दहा लाख म्हटल्यावर सगळे टेबलाकडे बघायला लागले. नाव कुणी घेतलं नाही, पण गावात तेवढे पैसे एकाच माणसाकडे होते. हार्लननं बापाच्या शेतावर धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचा कारखाना काढला होता. नेब्रास्कापासून मिनेसोटापर्यंत मैलोन् मैल तुम्हाला शेतात चकाकणाऱ्या कोठ्या दिसतील आणि त्यांवर 'हीमस्ट्रा' लिहिलेलं दिसेल. माणूस मात्र तोच जुना ट्रक चालवायचा, तीच मळकी टोपी घालायचा. लग्न केलं नाही. चर्चमध्ये वर्नाच्या पुढच्या बाकावर बसायचा आणि प्रवचन सुरू झालं की मागे न बघता पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी खांद्यावरून तिच्याकडे द्यायचा. ती एक घ्यायची आणि पुडी परत द्यायची. बहीण-भावाचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

प्रेस्टननं बजावलं होतं, "घरच्या माणसाकडे घरच्यानं मागू नये. जुनी मढी उकरली जातात." म्हणून आल्विन गेले. हार्लननं त्यांना कॉफी पाजली, हवामानावर तासभर बोलला आणि दारात सोडताना म्हणाला, "वर्ना का नाही आली? सगळ्या गावाकडे मागते, माझ्याकडेच कधी येत नाही. ती येऊ दे."

आम्ही गेलो. तेच शेतावरचं घर, तेच टेबल. हार्लननं बदामाचं सारण भरलेल्या बांकेटची लांब वळी कापून ठेवली होती. डोळे मिटून प्रार्थना म्हटली, मग कॉफी ओतली. वर्नाचा कप भरलेला.

"आम्ही कशाला आलोय ते तुला ठाऊक आहे," वर्ना म्हणाली.

"अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. तुमचा तो गुपचूप टप्पा सुरू झाल्यापासून लोक दुसरं काही बोलतच नाहीत."

"हार्लन, त्या घरासाठी तू दहा लाख डॉलर द्यावेस असं मला वाटतं."

आणि तिनं कप उचलला. हार्लन बांकेटचा चुरा बोटानं गोळा करत बसला. तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा आला. वर्ना घोट घोट पीत होती. मला वाटलं, हिचा कप संपला तर आता काय? आणि संपलाच. तरी तिनं तो ओठांना लावूनच ठेवला.

"देतो," हार्लन म्हणाला.

मी जवळजवळ खुर्चीतून उठलेच.

"पण घराला बाबांचं नाव. कॉर्नेलियस हीमस्ट्रा. पाटी मी कारखान्यात करून घेतो."

माझ्या डोळ्यांसमोर प्रेस्टनचा पिरॅमिड. टोक भरलं! नाव काय, कुणाचंही असो. मी "अहो, का नाही" म्हणायला तोंड उघडलं तोच टेबलाखाली वर्नाचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. चांगला जड हात. मी तोंड मिटलं.

"पाटी पितळेची करायची का पोलादाची?" हार्लननं विचारलं.

"नको."

"मग लाकडी?"

"पैसे नकोत, हार्लन."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "अगं वर्ना, माझं जे काही आहे ते बाबांच्या जमिनीवर उभं आहे. मग दुसऱ्या कुणाचं नाव लावू?"

त्याचंही खोटं नव्हतं. खरंच त्याला कळत नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"त्यांनी आईला या घरात येऊ दिलं नाही," वर्ना म्हणाली. "मी याच टेबलाशी विचारलं होतं. तू तिथंच बसला होतास. लोणी लावत होतास."

मग ती उठली, आपला कप नळाखाली धुऊन पालथा घातला, माझाही धुतला आणि कोट चढवला. हार्लन जागचा हलला नाही.

गाडीत माझा संयम सुटला. इतका राग मला नवऱ्याचाही कधी आला नसेल. "दहा लाख, वर्ना! हातात आलेले! या देशातल्या इस्पितळांवर कसल्या कसल्या माणसांची नावं आहेत, कुणी वाचतं तरी का? त्या आठ खोल्यांत जी माणसं येतील त्यांना पाटीचं काय? एका नावासाठी तू सगळ्यांच्या तोंडचा घास काढलास!"

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "रस्त्याकडे बघ. हरणं असतात इथं."

बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "माझ्याच्यानं नाही होणार गं. लोकांच्या आया त्या पाटीखालून आत न्यायच्या, रोज. नाही होणार."

मंडळाच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. आल्विन म्हणाले, "जन्मभर मी अडलेल्या गाई सोडवल्या. पण एवढी अडलेली गाय नाही पाहिली." वर्नाही हसली. प्रेस्टन आवाज न चढवता म्हणाला की मोहिमेचं काम पुढे चालू राहायला हवं, वर्नाबाईंनी बाजूला व्हावं आणि दुसऱ्या कुणीतरी जाऊन ती देणगी नावासकट स्वीकारावी. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. शेवटी ठरलं असं की मक्याची कापणी संपेपर्यंत वर्नाला मुदत द्यायची. तोपर्यंत दुसरीकडून टोक भरलं तर उत्तम. नाहीतर आल्विन हार्लनकडे जातील आणि घराला कॉर्नेलियसचं नाव लागेल.

तो उन्हाळा तिनं कसा काढला ते मी पाहिलं. डुकरांच्या गोठ्यांपासून बँकेच्या अध्यक्षांच्या ओसरीपर्यंत आम्ही कुठे म्हणून गेलो नाही! ट्रॅक्टरच्या लिलावात गेलो, चर्चच्या सहभोजनांना गेलो. लोकांनी दिलं. मनापासून दिलं. ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांनी पिढीजात चांदीचे चमचे विकून दिलं. पिरॅमिडच्या पायऱ्या भरत आल्या. टोक रिकामंच राहिलं. "टोक कुणाचं?" हा प्रश्न प्रत्येक घरात यायचा, आणि वर्ना कॉफी पीत राहायची.

चर्चमध्ये पेपरमिंटची पुडी खांद्यावरून येणं बंद झालं होतं. हे मी नाही पाहिलं, मी त्या चर्चची नव्हे. गावातल्या किमान सहा बायकांनी मला दुकानात येऊन सांगितलं.

मक्याची कापणी अर्ध्यावर आली होती. शिवारात धूळ उडत होती आणि धान्याच्या ट्रकांनी रस्ते भरलेले. हार्लन दुकानात आला. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, पैसे दिले, पण हलेना. टोपी काढली, परत घातली.

"मागायला दोघांनी जायचं असतं म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"मग चल. वर्नाकडे."

"कोण मागणार आहे? तुम्ही?"

"तू मध्ये बोलू नकोस म्हणजे झालं. गेल्या वेळी तू तोंड उघडलेलं मी पाहिलंय."

मी दुकान तसंच माझ्या मदतनीस बाईवर टाकलं आणि त्याच्या ट्रकमध्ये चढले. तो ट्रक आतून असा होता की बसताना आधी पाने, स्क्रू, जुनी बिलं आणि पेपरमिंटची पुडी बाजूला सारावी लागली.

वर्ना स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. आम्हा दोघांना एकत्र बघून सुरी थांबली. हार्लन थेट टेबलाशी बसला.

"कॉफी आहे का?"

"तुम्ही कॉफी प्यायला कधी लागलात? डॉक्टरांनी बंद केलीय ना?" मी न राहवून म्हणाले.

"मघाशी काय सांगितलं तुला?"

वर्नानं त्याच्यासमोर कप ठेवला. काठोकाठ. त्यानं डोळे मिटले, ओठ हलले, डोळे उघडले. कपाला हात लावला नाही. वर्नाच्या ते लक्षात आलं. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही, पण तिनं सुरी पुन्हा हातात घेतली, काहीतरी हातात हवं म्हणून.

"कारखान्याला नवी शेड जोडलीय," हार्लन म्हणाला. "पत्र्याचा भाव चढलाय." मग थांबला. हे इकडचं तिकडचं बोलणं त्याला काही जमेना. त्यानं बहिणीच्या डोळ्यांत बघितलं.

"ट्रकची किल्ली माझ्या मागे खिळ्याला होती. मी उठायला हवं होतं. मला भीती वाटली बाबांची. मी उठलो नाही, वर्ना."

सफरचंदाची साल सुरीवरून खाली लोंबत होती.

"त्या घराला आईचं नाव लावू दे मला. पंधरा लाख देतो."

आणि त्यानं कप उचलून तोंडाला लावला. कॉफी चांगली उकळती होती. त्याचा ओठ भाजलेला मला दिसला, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं कप खाली ठेवला नाही. बहिणीचा धडा बरोबर गिरवत होता बिचारा. मी जीभ दातांखाली धरून बसले. एवढं अवघड काम मी उभ्या जन्मात केलेलं नाही.

वर्ना सोलत होती. एक सफरचंद झालं, दुसरं झालं. तिसरं तर तिनं आधीच सोललेलं घेतलं आणि ते पुन्हा सोलायला लागली. हार्लनचा कप निम्मा झाला. मग तळाला गेला. रिकामा कप त्यानं तसाच ओठांशी धरला.

"कुठलं नाव?" वर्नानं विचारलं.

"आईचं."

"आईचं कुठलं? थडग्याच्या दगडावर तर मिसेस कॉर्नेलियस हीमस्ट्रा लिहिलंय. सगळा गाव तिला मिसेस कॉर्नी म्हणायचा. तुला तिचं नाव तरी आठवतं का, हार्लन?"

"फेम्के," तो म्हणाला. "नुसतं फेम्के लावू. खाली काही नको."

वर्नानं सुरी ठेवली. ॲप्रन तोंडाला लावला आणि ती रडली, आवाज करून, खांदे हलवून. गॉर्डनच्या अंत्यविधीला ती रडली नव्हती, मी तिथं होते. हार्लन उठून तिच्याजवळ गेला नाही, हीमस्ट्रांच्यात ते जमतच नाही कुणाला. त्यानं खिशातून पेपरमिंटची पुडी काढली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"तू आधी बोललीस," तो म्हणाला. "हरलीस."

"हरले," वर्ना म्हणाली. नाक पुसलं, एक गोळी घेतली, पुडी परत सरकवली. मग तोच रोजचा आवाज. "पंधरा लाख किती वर्षांत देणार?"

"एकदम."

"वेड्यासारखं करू नकोस. आधी हिशेबनिसाला विचार, कर किती वाचतो ते बघ. आणि ती पाटी तू कारखान्यात करणार असशील तर मेहेरबानी करून कोठीवर असतात तसली अक्षरं नकोत."

घर झालं. आठ खोल्या, आठ खिडक्या. पाटी हार्लननं कारखान्यातच केली, पण लहान केली, दाराशी थांबून वाचावी लागते एवढी. बाहेरगावचे लोक विचारतात, फेम्के कोण? कुणी म्हणतं देणगीदार असेल, कुणी म्हणतं कुठली तरी डच संत. वर्ना तिथं असली तर सांगते, "आमची आई." एवढंच सांगते.

मागच्या हिवाळ्यात हार्लन तिथं आला. रक्तदाब नव्हे, दुसरंच काहीतरी निघालं आणि फार उशिरा निघालं. झाडांच्या बाजूची खोली त्यानं स्वतः मागून घेतली. वर्ना रोज यायची, शेवटी शेवटी तिथंच राहायला लागली. दोघं काही फार बोलत नसत. ती शिवत असायची, तो खिडकीबाहेर बघायचा, अधूनमधून पुडी इकडून तिकडे व्हायची.

मी औषधं घेऊन गेले त्या दुपारी आभाळ उतरून आलं होतं. मी कोट काढेपर्यंत बाहेरचं काही दिसेनासं झालं. खोलीत लहानसा रेडिओ चालू होता. त्यावर सांगत होते, सू फॉल्सचा रस्ता बंद, कुणीही घराबाहेर पडू नये, पुढची सूचना मिळेपर्यंत आहात तिथेच थांबा. हार्लननं डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं.

वर्ना उठली आणि तिनं रेडिओ बंद केला.

"बंद होऊ दे रस्ता," ती त्याला म्हणाली. "आपल्याला कुठे जायचंय?" आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून ती पुन्हा शिवायला बसली.